मरणाआधी जागा

घराच्या मागच्या अंगाला, भिंतीपासून दीड हातावर, जमिनीला भेग गेली होती. म्हातारीनं त्या भेगेत कारवीची एक काठी रोवून ठेवली होती. “गेल्या साली ही घट बसायची,” ती म्हणाली. मग दोन बोटांनी काठी हलवून दाखवली. काठी हलली. “औंदा अशी.”

कर्जत-खालापूरच्या डोंगरातली ही ठाकरवाडी आहे. वीस-बावीस घरं, वर कातळाचा कडा, खाली भाताची दोन-चार खाचरं. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव छापून आलं की वाडीत आधी नोटीस पोचते. ती दरवर्षी मे महिन्यात येतेच. म्हातारीच्या नातीनं, आश्रमशाळेत सातवीत शिकणाऱ्या पोरीनं, मला ती वाचून दाखवली. आपण दरडप्रवण क्षेत्रात राहता, पावसाळ्यापूर्वी सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, दुर्घटना घडल्यास जबाबदारी आपली राहील. पोरगी वाचत होती तोवर म्हातारी तांदूळ निवडत होती. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली आणि विचारलं, “कुठं जायचं ते लिवलंय का बाय त्यात?”

लिहिलेलं नव्हतं. तिचा प्रश्न मी जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवतो आहे, कारण सह्याद्रीच्या उताराला चिकटून राहणाऱ्या वाड्या वाचवायच्या असतील तर पहिलं उत्तर याच प्रश्नाचं द्यावं लागेल.

इर्शाळवाडी आठवते ना? १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेली, पन्नासएक घरांची आणि २२८ माणसांची ठाकरांची वस्ती. तीन दिवसांत तिथं ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा भाग वस्तीवर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसं चिखलातून तास-दीड तास चढत होती, त्या चढावर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. जेसीबी वर नेता येईना, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्यानं ढिगारा उपसला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला आणि त्या जागेचीच समाधी झाली. आश्रमशाळेत राहणारी काही मुलं वाचली, ती घरी नव्हती म्हणून. त्यांचे आईबाप घरी होते.

दुसऱ्या दिवशी विधानसभेत सरकारनं सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते खरंच होतं. पण यादी कशी होते तेही बघा. यादीत मुख्यतः महसुली गावं येतात. इर्शाळवाडीसारखी वस्ती कागदावर स्वतंत्र गाव नसते, ती कुठल्या तरी ग्रामपंचायतीची एक वाडी असते. जमीन वनखात्याची, मतदान खालच्या गावात, रेशन खालच्या गावात, दवाखानाही खालीच. तलाठ्याच्या नकाशात ती नसते, मोजणी झालेली नसते. ज्या वस्तीची सरकारदरबारी जागाच नाही, तिच्या डोक्यावरच्या धोक्याची नोंद करणार कुठं?

आता जरा मागं जाऊ. ही माणसं तिथं का राहतात, असा प्रश्न शहरात हमखास विचारला जातो. मी स्वतःही एकेकाळी विचारला आहे. आवडीनं राहतात, सवय आहे, हटत नाहीत, अशी उत्तरंही तयार असतात. पण कोकणातल्या जमिनीचा इतिहास वेगळं सांगतो. तळातली सपाट भातजमीन खोतांच्या ताब्यात होती. तिच्यासाठी चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती मोडण्यासाठी विधिमंडळात विधेयक आणलं आणि शेवटी १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. पाठोपाठ कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन दिली, पण ज्याचं कूळ म्हणून नाव लागलं होतं त्यालाच. ठाकर-कातकऱ्यांचं नाव कुठल्या कागदावर लागणार? ते खोताच्या शेतावर राबणारे, लाकूड तोडणारे, कोळसा पाडणारे लोक. त्यांच्या वाट्याला डोंगराचा उतार आला. तिथल्या दळी जमिनीवर नाचणी-वरी पिकवायची आणि शेजारीच कूड उभा करायचा, एवढीच मुभा. आजही रायगड जिल्ह्यातल्या कित्येक कातकरवाड्या दुसऱ्या कुणाच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. शंभर वर्षं राहूनही पायाखालची माती परक्याची.

डोंगर कधी सुटेल हे पाऊस ठरवतो. त्याच्याखाली कोण झोपलेलं असेल, हे जमिनीच्या कागदांनी कितीतरी आधी ठरवून टाकलेलं असतं. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी महाडच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि खेड तालुक्यातल्या पोसऱ्यात १७ गेली. पोसऱ्यात डोंगर ज्या वाडीवर आला ती बौद्धवाडी. गावात कुठली वाडी देवळाजवळच्या सपाटीला असते आणि कुठली कडेला, उताराखाली किंवा ओढ्याच्या तोंडाशी असते, हे कोकणातल्या माणसाला नकाशा न बघता सांगता येतं. मुंबईतही तेच. विक्रोळीच्या सूर्यानगरात आणि माहुलच्या भारतनगरात जुलै २०२१ मध्ये माणसं टेकडीच्या कुशीतल्या झोपड्यांत दगावली. टेकडीचा उतार हीच शहरातली सगळ्यात स्वस्त जागा होती.

गोष्ट आणखी एका बाजूनं बघायला हवी आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मालकाकडून घेतलेली उचल फेडत सहा-सात महिने भट्टीशेजारच्या खोपटात काढतात. मे संपता संपता, पहिल्या पावसाआधी, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वाडीत परततात. म्हणजे वर्षातले जे चार महिने डोंगर धोक्याचा असतो, नेमके तेच चार महिने ती त्याच्याखाली असतात. उन्हाळ्यात कुणी अधिकारी पाहणीला आलाच तर वाडीत त्याला दोन म्हातारे आणि कोंबड्या दिसतात. वाडी ओस आहे असा शेरा मारायला मग कितीसा वेळ लागतो!

घरांचंही तसंच. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं घर उताराच्या कलानं उभं राहायचं. आता घरकुल येतं. ते यायलाच हवं, कुणालाही पक्कं घर हवंसं वाटतं. पण सिमेंटच्या घराला सपाट जोतं लागतं आणि जोत्यासाठी डोंगराचा पाय तोडावा लागतो. खालून आधार तुटलेला, वरून पाणी मुरलेलं. मुरलेला मुरूम आणि त्याखालचा काळा कातळ यांच्या सांध्यात पाणी भरलं की वरचा थर साबणावरून घसरावा तसा सुटतो. कातकरी हा आदिम जमातींत मोडणारा समाज, त्याच्यासाठी २०२३ पासून पीएम-जनमनमधून घरं मंजूर होत आहेत. ही चांगली योजना आहे. पण सुरक्षित जागा न देता घर दिलं, तर ते घर त्याच उतारावर बांधलं जाणार आणि वाडी त्या धोक्याशी आणखी पन्नास वर्षांसाठी बांधली जाणार. ज्याला जागाच नाही त्याला घरकुलाची जागा विकत घ्यायला सरकार एक लाखापर्यंत मदत देतं. फार्महाऊसच्या प्लॉटिंगनं कर्जत-खालापूरच्या जमिनीचे भाव कुठं पोचलेत हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, काहींनी तिथं प्लॉट घेतलेही असतील. एक लाखात तिथं काय येतं, ते तुम्हीच सांगा.

आणि तरीही जागा असते. माझं म्हणणं इथंच येऊन ठेपतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण ढिगाऱ्याखाली गेलं, १५१ माणसं गेली. सकाळची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव दिसेना, म्हणून जगाला कळलं. त्यानंतर आमडे इथं जागा मिळाली आणि २०१७ मध्ये नवं गाव उभं राहिलं. इर्शाळवाडीनंतर वाचलेल्यांना चौकला आधी कंटेनरच्या घरांत ठेवलं, मग त्यांच्यासाठी जवळच जागा मिळाली आणि सिडकोनं घरं बांधली. वर्षानुवर्षं न सापडलेली सपाट जागा माणसं मेल्यावर सापडली. मृताच्या वारसाला पाच लाख मिळाले, तेही तिजोरीतूनच आले. मग जमीन, पैसा, आदेश, सही, हे सगळं मरणाआधी का मिळू नये? या एका प्रश्नावर आपण सगळ्यांनी अडून बसावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

कायदा आड येत नाही, हे ठामपणे सांगतो. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यातल्या कलम ३(१)(ज) मध्ये जंगलातल्या जुन्या वस्त्या, मोजणी न झालेली गावं, नोंद असो वा नसो, महसुली गावात बदलून घेण्याचा हक्क दिलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. वाडी एकदा गाव झाली की तिचा नकाशा होतो, रस्ता मागता येतो, यादीत नाव येतं. राज्यपालांनी २०२० मध्ये अनुसूचित क्षेत्रापुरता वनहक्क कायद्यात बदल करून आदिवासी कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घर बांधायची वाट मोकळी केली. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, म्हणून इर्शाळवाडीसारख्या वाड्यांना तिचा उपयोग नाही. निदान एवढी तफावत तरी दूर करा, ही मागणी आपल्या आमदाराकडे करायला कुणाची हरकत असावी?

इथं एक सावधगिरीही सांगतो, कारण पुनर्वसन या शब्दानं आपल्याकडे फार माणसं पोळली आहेत. वाडी हलवायची म्हणजे ट्रकमध्ये भरून तीस किलोमीटरवर पत्र्याच्या शेडमध्ये टाकायची, असं होऊ देऊ नका. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहनवर दरडी आल्या, जवळपास दोनशे माणसं गेली. त्यांतल्या दासगावच्या लोकांना तात्पुरत्या शेडमध्ये कित्येक वर्षं काढावी लागली. माळीणच्या नव्या गावात पहिल्याच पावसात रस्ते खचले. म्हणून जागा भूवैज्ञानिकानं पाहिलेली हवी, पायथ्यापासून लांब पण दळी आणि खाचरांपासून चालत जाण्याजोगी हवी आणि वाडी एकत्र राहायला हवी. कोण कुणाच्या शेजारी राहील, देव कुठं असेल, गुरं कुठं बांधायची, हे वाडीनं ठरवायचं. त्या म्हातारीला मी विचारलं होतं, खाली सपाटीला जागा दिली तर जाशील का? तिनं सरळ सांगितलं, “सगळी जातील तर जाईन. यकटी नाय.”

वाडी हलेपर्यंत पावसाळे येतच राहणार. तोवर जीव वाचवायची एक साधी गोष्ट आहे, ती केरळात शिकून घ्यावी. वायनाडमध्ये कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेनं शेतकऱ्यांना हाताशी धरून जिल्हाभर पर्जन्यमापकांचं जाळं उभारलं. रोज कुठं किती पडला हे गावातलीच माणसं कळवतात. २०२० मध्ये मुंडक्कईच्या पावसाचे आकडे पाहून त्यांनी इशारा दिला, लोक हलवले, दरड आली आणि माणसं वाचली. २९ जुलै २०२४ ला सकाळी त्यांनी पुन्हा इशारा दिला. त्या वेळी मात्र तो इशारा लोकांना हलवण्याइतका पुढे पोचला नाही आणि ३० जुलैच्या पहाटे मुंडक्कई-चूरलमला भागात अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यांत चहामळ्यांच्या चाळींत राहणारे मजूर किती तरी होते. तारीख माळीणचीच होती, बरोबर दहा वर्षांनंतरची.

आपल्याकडे पाऊस मोजतात महसूल मंडळात. मंडळ खाली बाजाराच्या गावी असतं आणि डोंगरावर पडणारा पाऊस त्याहून फार वेगळा असतो. वाडीत एक प्लास्टिकचं पर्जन्यमापक लावायला किती खर्च येतो? एखाद्या शहरी घराच्या रविवारच्या जेवणाएवढा. पण नुसतं माप नको. या डोंगराला किती पावसात धोका, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेनं किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांनी येऊन सांगावं. तो आकडा शाळेच्या भिंतीवर लाल रंगानं लिहावा आणि तो गाठला की वाडीनं कुणाच्या आदेशाची वाट न बघता खाली ठरलेल्या जागी जावं. ती जागा उघडी असावी, तिथं चूल असावी, गुरांना दावण असावी. गुरं मागं राहिली तर माणूस रात्रीच परत वर जातो. भेग पडली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, कोरड्या जागी नवा उफळा फुटला, दार चौकटीत अडकायला लागलं, झाडं कलली, ही लक्षणं वाडीतल्या बायकांना आपल्याहून आधी कळतात. त्यांनी फोन केला तर तो उचलणारा माणूस खाली असायला हवा, हे आपलं काम.

ओडिशानं हे करून दाखवलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली होती. २०१३ च्या फायलीन चक्रीवादळात बळींचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. वादळ थोपवता आलं नव्हतं. निवारे बांधले होते, गावोगाव स्वयंसेवक तयार केले होते आणि लाखो माणसांना वेळेवर हलवलं होतं. ज्या किनाऱ्यावर मजूर आणि कोळी राहतात तिथं सरकार आधी पोचलं, एवढाच फरक.

आता तुमच्याशी. गिर्यारोहकांनो, तुम्ही इर्शाळगडावर गेला आहात, कर्नाळ्याला, कोथळीगडाला, राजमाचीला, हरिश्चंद्रगडाला गेला आहात. या वाड्यांच्या ओट्यावर पिठलं-भाकरी खाऊन पाठ टेकली आहे. त्या रात्री इर्शाळवाडीत पहिल्यांदा पोचणाऱ्यांत तुमच्यातलेच लोक होते. तुम्हाला वाटा माहीत आहेत, वाड्या माहीत आहेत, माणसं नावानं माहीत आहेत. या मे महिन्यात एक ट्रेक कमी करा आणि तोच दिवस वाडीला द्या. मोबाईलवर वाडीचं ठिकाण नोंदवा, घरं मोजा, मागच्या उताराचे आणि भेगांचे फोटो तारखेसह काढा, वाडी कुठल्या गटातल्या जमिनीवर आहे ते तलाठ्याकडून काढून घ्या. ही नोंद सरकारकडे नाही. ती तुम्ही करू शकता.

वकील असाल तर वाडीचा महसुली गावाचा दावा भरून द्या. स्थापत्य अभियंते असाल तर घरकुलासाठी डोंगराचा पाय तोडायची गरज पडणार नाही अशी, उताराला जुळणारी घराची रचना काढून पंचायत समितीला द्या. मुंबई-पुण्यात राहणारे कोकणातले चाकरमानी असाल तर गणपतीत गावी गेल्यावर आपल्या गावची कडेची वाडी बघून या, घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री उचलून खाली आणायला गावात कोण आहे ते विचारा. खालापूर-कर्जतमध्ये ज्यांची मोठी जमीन आहे त्यांच्यासमोर मी हात जोडतो. एखाद्या वाडीला दोन एकर पुरतात. सरकारला ती खरेदी करू द्या, भाव घ्या, पण द्या. दान मागत नाही.

आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो, सरपंचांनो, १ मेची ग्रामसभा पावसाच्या बरोबर आधी येते. त्या दिवशी विषयपत्रिकेवर एक ठराव घ्या. आपल्या पंचायतीतल्या प्रत्येक उताराखालच्या वाडीचं नाव त्यात असू द्या, यादीत असो वा नसो. सुरक्षित जागेची मोजणी, भूवैज्ञानिक पाहणी, गावठाणाचा प्रस्ताव आणि या पावसाळ्यापुरता निवारा, एवढंच मागा. ठरावाची प्रत तहसीलदाराला, जिल्हाधिकाऱ्याला आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पाठवा, पोच घ्या. ग्रामसभेत वाडीतली माणसं बसलेली असू द्या, विशेषतः बाया. त्या बोलतील.

म्हातारीची नात यंदा आठवीत गेली. शाळेच्या वहीत तिनं शेवटच्या पानावर एक तक्ता आखला आहे. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला भेगेची रुंदी, पट्टीनं मोजलेली. शेवटची नोंद मार्चमधली, सुट्टीला घरी आली तेव्हाची. मी तिला पर्जन्यमापक नेऊन देणार आहे आणि १ मेला त्यांच्या पंचायतीच्या ग्रामसभेत तिच्या आजीबरोबर जाऊन बसणार आहे. सकाळी दहाची वेळ आहे. तुमच्या गावची सभाही त्याच सुमारास असेल.